वाइनचा गंध आणि गंधाची मराठी

(वाचनालयाच्या शताब्दी महोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



जिल्ह्याचा नकाशा रंगांनी काढण्याचा प्रघात आहे. बेळगाव जिल्ह्याचा नकाशा वासांनीही काढता येईल. पश्चिमेला खानापूर-जांबोटीच्या रानाचा ओला, पालापाचोळ्याचा वास. त्याच्या अलीकडे बेळगाव शहराभोवतीची भातशेती. तिथल्या बासमतीचे नाव जुन्या पिढीच्या तोंडी अजून आहे, कारण तो भात एका घरात शिजे आणि शेजारच्या चार घरांना कळे. उत्तरेला निपाणी आणि तिथल्या वखारींतून येणारा तंबाखूचा उग्र, घशाला धरणारा वास. पूर्वेकडे जावे तसा पाऊस कमी होत जातो, काळी जमीन सुरू होते आणि अथणी तालुक्यात तेलसंगच्या बाजूला द्राक्षांचे मांडव दिसू लागतात. नकाशाच्या या कोपऱ्याला मात्र वास नाही. द्राक्षाच्या मांडवाखाली उभे राहिले तर नाकाला बहुधा औषधफवारणी तेवढी जाणवते. तिथली द्राक्षे गोड आहेत, देखणी आहेत आणि त्यांचा बेदाणा चांगला होतो. परंतु त्यांना स्वतःचा असा गंध जवळजवळ नाही.

आजचा विषय या न येणाऱ्या वासातून निघालेला आहे. जगात काही द्राक्षे अशी आहेत की त्यांच्यापासून केलेल्या फिकट पिवळ्या, पाण्यासारख्या निवळ वाइनला फुलांचा, फळांचा, कापलेल्या गवताचा वास येतो. बाहेरून काहीही न घालता येतो. तो कुठून येतो, चाखणारा तो कसा ओळखतो आणि ओळखल्यावर कोणत्या शब्दांत सांगतो, हे तीन प्रश्न आहेत. तिसरा प्रश्न वाचनालयाच्या अंगणातला असल्यामुळे त्याला अधिक वेळ द्यावा लागेल.

विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, आणि त्यात वावगे काही नाही. बेळगाव आणि निपाणी १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होती. त्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा होता आणि १९५० पासून पूर्ण दारूबंदी होती. त्याच वेळी घाटाखाली, पोर्तुगीजांच्या गोव्यात, वाइन हा जेवणाच्या मेजावरचा एक साधा पदार्थ होता. चोर्ला घाटाच्या एका अंगाला जो गुन्हा, तो दुसऱ्या अंगाला पाहुणचार! या शेजारामुळे सीमाभागातल्या मध्यमवर्गाला वाइनची जी काही ओळख झाली ती ‘पोर्ट’ नावाच्या गोड, तांबड्या, काहीशा औषधी पेयापुरती राहिली. पुढे २७ जानेवारी २०२२ रोजी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा उठलेल्या वादात ‘वाइन म्हणजे दारू की नव्हे’ यावर पुष्कळ शाई खर्च झाली आणि निर्णय अमलात आला नाही. त्या वादाचे उत्तर सरळ आहे. वाइनमध्ये साधारण १२ ते १३ टक्के मद्यार्क असतो, तेव्हा ती मद्यच होय. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही असे स्पष्ट सांगितले आहे. हे नाकारून बोलण्याचे कारण नाही. मात्र जो चाखण्याचा व्यवसाय करतो तो पीत नाही. तो घोट तोंडात घोळवतो आणि शेजारच्या भांड्यात थुंकतो. पिकदाणीची परंपरा असलेल्या समाजाला यात नवल वाटू नये.

द्राक्षाच्या मद्याशी या देशाची ओळख जुनी आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षरसाच्या मद्याला ‘मधु’ म्हटले असून त्याचे कापिशायन आणि हारहूरक असे प्रकार दिले आहेत. ही नावे प्रदेशांवरून आली आहेत. कापिशायन हे आजच्या अफगाणिस्तानातल्या कापिशीचे. मद्याची प्रत त्याच्या गावावरून ओळखावी ही कल्पना युरोपने शोधली असे मानण्याची सवय झाली आहे, तिला या दोन शब्दांनी छेद जातो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात वाइनचा उल्लेख आहे आणि इटलीच्या वाइनला अधिक मागणी होती असेही नमूद केले आहे. त्या व्यापाराचे धागे घाटमाथ्यावर किती खोल आले होते याची साक्ष कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती देते.

आयुर्वेदातील द्राक्षासव आणि द्राक्षारिष्ट तर घराघरांतल्या कपाटात होते. परंतु तिथे एक मुद्द्याचा फरक आहे. द्राक्षासवात धायटीची फुले पडतात ती आंबवण्यासाठी, आणि दालचिनी, वेलदोडा, नागकेशर पडतात ती गुणासाठी व वासासाठी. म्हणजे गंध बाहेरून घातला जातो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात पेयांचे आणि सुगंधी द्रव्यांचे जे वर्णन आहे त्याचीही दृष्टी तीच. द्रव्ये निवडावी, वाटावी, मिसळावी, आणि वास रचावा. (हा ग्रंथ संस्कृतात आहे, त्याचा कर्ता कर्नाटकात राज्य करत होता आणि त्यात जुन्या मराठीचे नमुने सापडतात. सीमाभागातल्या वाचनालयाच्या फडताळात त्याची जागा कोणत्या भाषेत लावावी, हा ग्रंथपालाला खरोखर प्रश्न पडावा.) अत्तर असो, पानाचा विडा असो, मसाल्याचे दूध असो, आपल्या रसिकतेने गंधाला नेहमी मिश्रणाची कला मानले. द्राक्षाच्या सालीत आधीच दडलेला गंध बिघडू न देता बाटलीपर्यंत नेणे ही कल्पना त्यामुळे आपल्याला नवी आहे.

‘दडलेला’ हा शब्द येथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. सोव्हिन्यों ब्लां या फ्रेंच द्राक्षाचा मणी तोंडात टाकला तर पहिल्यांदा फक्त गोड-आंबट रस लागतो. गिळल्यानंतर काही क्षणांनी घशातून एक वेगळाच वास वर येतो. फ्रान्समधील बोर्दो येथील विख्यात वाइनतज्ज्ञ एमिल पेनो यांनी ही गोष्ट नोंदवली होती. कारण मात्र १९९० च्या दशकात दनी द्युबूर्दियू आणि ताकातोशी तोमिनागा यांच्या संशोधनातून उलगडले. या द्राक्षातील सुगंधी रेणू दुसऱ्या रेणूंना बांधलेले असतात आणि बांधलेल्या स्थितीत त्यांना वास नसतो. आंबवताना यीस्ट ही गाठ सोडते आणि वास मोकळा होतो. मोकळे झालेले हे रेणू गंधकयुक्त आहेत. अत्यल्प प्रमाणात ते पेरूसारखे आणि कृष्णकमळाच्या जातीतल्या पॅशनफ्रूटसारखे वाटतात, प्रमाण वाढले तर मांजराची आठवण करून देतात. हिंगाचा खडा आणि हिंगाची फोडणी यांतले अंतर ज्या स्वयंपाकघराला ठाऊक आहे त्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरे कुल मस्कतचे. त्याच्या गंधाचे मुख्य रेणू लिनॅलूल आणि जेरॅनिऑल. नावे परकी असली तरी वस्तू परक्या नाहीत. लिनॅलूल हा धन्याच्या वासाचा प्रधान घटक आहे, आणि जेरॅनिऑल हा खानदेशात ज्यापासून तेल काढत त्या रोशा गवताचा व गुलाबाचा. मस्कतचा एक काळा प्रकार तमिळनाडूच्या कंबम खोऱ्यात पिकतो. तिकडे त्याला ‘पन्नीर’, म्हणजे गुलाबपाणी, म्हणतात आणि इतरत्र ‘गुलाबी’. त्या शेतकऱ्यांनी आपल्या द्राक्षाचे नावच वासावरून ठेवले, आणि २०२३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. आपल्याकडचे थॉम्सन सीडलेस आणि त्यातून तासगावच्या बागांत निवडून काढलेला तास-ए-गणेश यांची नावे वासाविषयी काही सांगत नाहीत, कारण सांगण्यासारखे फारसे नाहीच.

महाराष्ट्रात आधुनिक वाइनचा प्रारंभ १९८० च्या दशकात नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी केला, परंतु तिथला भर फेसाळ वाइनवर होता. सुगंधी श्वेत वाइनची खरी ओळख झाली ती नाशिकमुळे. राजीव सामंत यांनी गंगापूरजवळच्या वडिलोपार्जित जमिनीत कॅलिफोर्नियाच्या केरी डॅम्स्की या तज्ज्ञाच्या सल्ल्याने सोव्हिन्यों ब्लां आणि शेनां ब्लां लावली आणि ‘सुला’ची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क झाले. कर्नाटकाने २००७ मध्ये आपले धोरण आणि वाइन मंडळ आणले, त्याच्या नजरेत कृष्णेचे खोरे, म्हणजे विजापूर, बागलकोट आणि बेळगाव जिल्ह्याचा पूर्व भाग होता. पलूस आणि अथणी यांच्यामध्ये राज्याची सीमा आहे. माती, पाऊस आणि छाटणीचे वेळापत्रक यांना ती ठाऊक नाही.

छाटणीचा उल्लेख आला, तर तिथे थोडे थांबले पाहिजे, कारण गंधाची सारी अडचण तिच्यात आहे. युरोपातली द्राक्षवेल हिवाळ्यात झोपते आणि उन्हाळ्याच्या अखेरीस, रात्री थंड होऊ लागताना, फळ पिकवते. दख्खनची वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी करून तिला दोनदा जागे करावे लागते आणि फळ जानेवारी ते मार्चमध्ये हाती येते. या काळात दिवस तापत जातात. ऊन वाढले की साखर झपाट्याने चढते, आंबटपणा उतरतो आणि गंधाचे नाजूक रेणू टिकत नाहीत. खाण्याच्या द्राक्षाला हे चालते, किंबहुना हवेच असते. सुगंधी वाइनच्या द्राक्षाला ते मारक ठरते. म्हणून नाशिकला वाइनची द्राक्षे ऊन चढण्याआधी, पहाटेच्या गारव्यात तोडतात, रस लगेच थंड करतात आणि पोलादी टाक्यांत कमी तापमानावर सावकाश आंबवतात. घडाभोवतीची पाने केव्हा आणि किती काढायची यावरही वास ठरतो. पाने दाट राहिली तर हिरवट वास टिकून राहतो, सगळी काढली तर मणी करपतात. नाशिकच्या जानेवारीतल्या थंड रात्री ही त्या वाइनची खरी पुंजी होय. कृष्णाकाठी रात्री तितक्या थंड होत नाहीत, तेव्हा तिथे सोव्हिन्योंच लावावे असा हट्ट शहाणपणाचा नाही. ऊन सोसणारी आणि आंबटपणा टिकवणारी जात पाहावी लागेल.

आता प्रत्यक्ष चाखणे. सोव्हिन्यों ब्लांची बाटली आठ-दहा अंशांपर्यंत गार केलेली असावी. फार गार असेल तर वास गोठल्यासारखा होतो, कोमट झाली तर मद्यार्काचा भपकारा पुढे येतो. पेला तोंडाशी निमुळता, खाली देठ असलेला. तो एक तृतीयांशच भरायचा आणि देठाला धरायचा, म्हणजे हाताची ऊब लागत नाही. रंग पांढऱ्या कागदावर धरून पाहावा. पिकल्या लिंबाच्या सालीहून फिकट, कडेला किंचित हिरवी झाक. रंग गडद, मधासारखा दिसला तर या जातीच्या वाइनचे वय उलटून गेले असे समजावे. ही वाइन ठेवून मुरवण्याची नव्हे.

पेला न हलवता नाकाशी न्यावा. पहिला वास हिरवा येतो. ढोबळी मिरची चिरताना बियांच्या गाठीपाशी जो वास सुटतो, तोच. उपमा म्हणून नव्हे, अक्षरशः तोच, कारण दोन्हीकडे रेणू एकच आहे. एक लिटर पाण्यात एका ग्रॅमचे दोन अब्जांश इतका असला तरी माणसाचे नाक तो टिपते. मग पेला हलकेच गोल फिरवावा. आता मागे राहिलेले पुढे येते. नुकतेच कापलेले गवत, अर्धवट पिकलेला पेरू, मागे कुठे तरी लिंबाची साल. गोव्याकडून कधी पॅशनफ्रूट चाखलेला असेल तर ते नाव सुचेल. नसेल तर पेरूवर थांबावे, त्यात कमीपणा नाही. मग लहानसा घोट. जिभेला प्रथम आंबट लागते आणि तोंडाला पाणी सुटते. आंबटपणा कैरीचा नव्हे, लिंबाच्या जवळचा. घोट तोंडात घोळवताना थोडी हवा आत ओढावी. सभ्य पंगतीत हे करू नये, पण इथे तो नियम आहे. त्याने घशाच्या मागच्या वाटेने वास पुन्हा नाकात चढतो. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा हिस्सा हा असा मागच्या दाराने आलेला वास असतो. सर्दी झाल्यावर पुरणपोळीदेखील निव्वळ गोड लागते ते यामुळेच. शेवटी थुंकायचे आणि वाट पाहायची. चांगल्या वाइनचा वास गेल्यावरही काही काळ तोंडात राहतो, साध्याचा लगेच विरतो. उन्हात जास्त पिकलेल्या फळाची वाइन असेल तर शेवटी हलका कडसरपणा येतो.

हे सगळे मराठीत सांगता आले, ही गोष्ट लक्षात घ्यावी. एरवी अशा बाटलीच्या पाठीवर जे छापलेले असते त्यात गूजबेरी असते, बॉक्सवूड असते, एल्डरफ्लॉवर असते. अथणीच्या बागायतदाराने यांपैकी एकही वस्तू पाहिलेली नाही, आणि खरे बोलायचे तर मुंबईच्या बहुतेक ग्राहकांनीही नाही. दोघेही मान डोलावतात.

गंधाला शब्द नसतात, अशी एक समजूत आहे आणि तिला शास्त्राचाही आधार मिळतो. तर्कसंग्रहात रसाचे सहा प्रकार सांगितले आहेत, गंधाचे मात्र दोनच : सुरभी आणि असुरभी. चांगला आणि वाईट! ज्या परंपरेने ज्ञानाचे इतके बारीक भेद केले तिने नाकाची बोळवण दोन शब्दांत करावी याचे आश्चर्य वाटते. पण बोलभाषा शास्त्रापेक्षा कितीतरी चोखंदळ आहे. खवट, कुबट, आंबूस, करपट, ओशट, मातकट, हिरवट, कोंदट, खमंग, खरपूस. यातला प्रत्येक शब्द वेगळ्या वासाचा आहे आणि कोणतीही गृहिणी त्यांची अदलाबदल करणार नाही. खोबरे कुबट होत नाही, खवट होते. पावसाळ्यातले धोतर खवट होत नाही, कुबट होते. दरवळ, घमघमाट, भपकारा हे शब्द आणखी निराळे. ते वासाची जात सांगत नाहीत, त्याची चाल आणि जोर सांगतात. वाइन चाखणाऱ्याला या दुसऱ्या प्रकारच्या शब्दांची फार गरज पडते. उणीव आहे ती सुवासांच्या बाबतीत. चांगल्या वासाला मराठी विशेषण देत नाही, वस्तूचे नाव देते. मोगऱ्याचा वास, केवड्याचा वास. त्यातही आंबेमोहोर हे तांदळाचे नाव एक लहानसे काव्य आहे. भाताला आंब्याच्या मोहोराचा वास येतो, हे कोणा शेतकऱ्यानेच प्रथम म्हटले असणार.

मलेशियातल्या जहाई या वनवासी जमातीचा अभ्यास आसिफा मजीद आणि निक्लास बुरेनहुल्ट यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. ही माणसे रंगांइतक्याच सहजतेने वासांना नावे देतात असे त्यात दिसून आले. म्हणजे दुबळे असते ते नाक नव्हे, सवय. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अ‍ॅन नोबल यांनी १९८४ मध्ये वाइनच्या वासांचे एक चक्र तयार केले. मध्याला फुले, फळे, मसाले, माती अशी घराणी आणि कडेला एकेक नेमकी वस्तू. त्यांचा कटाक्ष एवढाच होता की शब्द बाजारात मिळणाऱ्या वस्तूचा हवा. ‘उमदी’, ‘पुरुषी’, ‘घरंदाज’ असली विशेषणे त्यांनी बाहेर काढली. ते चक्र कॅलिफोर्नियाच्या मंडईचे आहे. बेळगावच्या खडेबाजाराचे चक्र अजून कोणी काढलेले नाही.

शब्द माणसाला फसवतात, हेही सांगितले पाहिजे. बोर्दो विद्यापीठात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एक श्वेत वाइन आणि तीच वाइन बिनवासाच्या रंगाने तांबडी करून दिली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात विद्यार्थ्यांनी तांबड्या केलेल्या पेल्याचे वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांनी केले. डोळ्यांनी नाकाला शब्द पुरवले. तज्ज्ञतेविषयी फार भोळा आदर बाळगू नये, एवढा बोध त्यातून घेता येतो. परंतु त्यावरून चाखणे हे निव्वळ थोतांड आहे असा निष्कर्ष काढणारे घाई करतात. डोळे झाकून ढोबळी मिरची आणि गुलाब यांत गल्लत करणारा माणूस अजून भेटायचा आहे.

आता निपाणीकडे वळावयास हवे, कारण वासाचे आणि भावाचे नाते या भागाने तिथे अनुभवले. निपाणी परिसरातली विडीची तंबाखू वखारीत येई तेव्हा तिची प्रत पानाच्या रंगावरून, स्पर्शावरून आणि वासावरून ठरे. पीक शेतकऱ्याचे, प्रत ठरवणारे नाक मात्र व्यापाऱ्याचे. शेतकऱ्याला वास कळत नव्हता असे नाही, कदाचित अधिकच कळत होता. पण त्याच्या कळण्याला किंमत नव्हती, कारण प्रतींची नावे, त्यांची उतरंड आणि तिच्यावर ठरणारा भाव हे सगळे समोरच्या बाजूच्या हातात होते. मार्च-एप्रिल १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी निपाणीला महामार्ग रोखला तो भावासाठी. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि त्यात शेतकरी मृत्युमुखी पडले. त्या आंदोलनाची कारणे अनेक होती, ती सगळी वासाशी नेऊन भिडवणे बरोबर नाही. परंतु मालाची प्रत सांगण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्यांत निश्चितच होता.

वाइनच्या द्राक्षात हा प्रश्न अधिक धारदार होतो. खाण्याचे द्राक्ष एका व्यापाऱ्याने नाकारले तर दुसरा घेतो, कोणीच घेतले नाही तर त्याचा बेदाणा होतो. वाइनचे द्राक्ष लहान, बियांचे, जाड सालीचे. मंडईत त्याला कोणी विचारत नाही. त्याला वायनरीखेरीज गिऱ्हाईक नाही. २००८ च्या जागतिक मंदीनंतर वायनरींनी खरेदी आखडली तेव्हा महाराष्ट्रातल्या अनेक बागायतदारांना उभ्या वेली उपटून टाकाव्या लागल्या. नाशिक त्यातून सावरले, पलूसला तसा बहर आला नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या संजीवकाच्या अंशामुळे युरोपने खाण्याची द्राक्षे नाकारली, तेव्हाही निकष दूर कुठे तरी लिहिलेला होता आणि तो शेतकऱ्याला माल जहाजावर चढल्यानंतर समजला. यंत्राने मोजायच्या गोष्टीत निदान आकडा तरी हाती येतो. वासाच्या बाबतीत ‘तुमच्या मालात हवा तो गंध नाही’ एवढे म्हटले की संभाषण संपते. आज अथणी-तासगावच्या बागायतदाराला साखर किती अंश चढली आणि मणी किती मिलिमीटरचा झाला हे तोंडपाठ असते. उद्या त्याने सुगंधी द्राक्ष लावले, तर मणी चावून, क्षणभर थांबून, घशातून वर येणारा वास हिरवा आहे की पेरूकडे झुकला आहे हे त्याला स्वतः सांगता आले पाहिजे. तोडणीचा दिवस त्यावर ठरतो आणि भावही.

न्यूझीलंडच्या मार्लबरो भागात १९७३ पर्यंत प्रामुख्याने मेंढ्या चरत. त्या वर्षी तिथे व्यापारी द्राक्षलागवड सुरू झाली, आणि आज सोव्हिन्योंचा गंध म्हटले की जग त्या भागाचे नाव घेते. तिथे थंड हवा होती आणि भांडवलही होते. पण तिथल्या बागायतदाराला आपल्या द्राक्षाचा वास आपल्या भाषेत, आपल्या परसातल्या वस्तूंच्या नावांनी सांगता येत होता, ही गोष्ट सहसा कोणी मोजत नाही.

असा मराठी कोश करायचा झाल्यास त्याची साधने प्रयोगशाळेइतकीच घरात आहेत. आंबलेल्या वाइनला आंबूस म्हणावे, शिर्क्यासारखी झाली असेल तर तसे सांगावे. हवा लागून उतरलेल्या वाइनला कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास येतो. यीस्टची उपासमार झाली की उकडलेल्या अंड्याचा. यांतल्या कशासाठीही इंग्रजीकडे जावे लागत नाही. बुचातल्या बुरशीमुळे वाइनमध्ये ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल नावाचे द्रव्य उतरते आणि बाटली वाया जाते, त्या वासाचे वर्णन करताना इंग्रज ओला पुठ्ठा, दमट तळघर, भिजलेले वर्तमानपत्र अशी तीन-तीन उदाहरणे देतो. मराठीत ‘कुबट’ हा एक शब्द पुरतो. आणि तो वास ओळखायला या सभागृहातील कोणालाही वाइनची बाटली उघडावी लागणार नाही. श्रावणात, दोन आठवड्यांच्या झडीनंतर, वाचनालयातले जुन्या मासिकांचे कोपऱ्यातले कपाट उघडले की झाले.